दुष्काळ म्हणजे ड्रॉट की फॅमिन? सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांतला फरक

जिंतूर तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते. समान अर्थाच्या इंग्रजी शब्दांची मोठी यादी तिनं पाठ केली, प्रत्येक शब्दापुढं मराठी अर्थ लिहिला, तरी वाक्यात शब्द घालायची वेळ आली की चुकतंच. सराव परीक्षेत चुकीची ठरलेली चार वाक्यं तिनं सोबत पाठवलीत. ‘ही सेड मी दॅट द बस वॉज लेट.’ ‘माय फादर लेंट मनी फ्रॉम द बँक.’ ‘देअर वॉज अ फॅमिन इन मराठवाडा इन १९७२.’ आणि ‘देअर वॉज लिटल वॉटर इन द वेल, सो वी वेटेड फॉर द टँकर.’ तिचा प्रश्न एवढाच: अर्थ एकच असताना हा शब्द चालतो आणि तो का चालत नाही?

बाळा, मी परभणी जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. आधी खेड्यातल्या शाळेत, आता शहरात. तुझी अडचण मी प्रत्येक वर्गात पाहिली आहे. ती पाठांतर कमी पडल्याची नाही, पाठांतराच्या पद्धतीची आहे. ‘से म्हणजे सांगणे, टेल म्हणजे सांगणे’ असं वहीत एकाखाली एक लिहिलंस, त्याच क्षणी त्या दोन शब्दांतला फरक तू स्वतःच्या हातानं पुसलास. आता तो परत आणायचा आहे आणि त्यासाठी इंग्रजीत खोल जायच्या आधी मराठीत बघायचं. पुष्कळ वेळा तो फरक आपल्या भाषेत असतोच, आपण रोज पाळतही असतो. फक्त अर्थ लिहिताना घाईत चुकीचा मराठी शब्द उचललेला असतो.

तुझं पहिलं वाक्य घे. मराठीत सांगणे, म्हणणे आणि बोलणे हे तीन वेगळे शब्द आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करत नाही. ‘टेल’ म्हणजे सांगणे. सांगायला समोर कुणीतरी लागतं, म्हणून ‘टेल’च्या पाठोपाठ ऐकणारा माणूस येतो: टोल्ड मी, टोल्ड हर, टोल्ड द कंडक्टर. ‘से’ म्हणजे म्हणणे. म्हणताना महत्त्व शब्दांना असतं, म्हणून ‘से’नंतर थेट ते शब्द येतात: ही सेड दॅट द बस वॉज लेट. तुझी चूक कुठून आली तेही मला दिसतंय. मराठीत ‘तो मला म्हणाला’ हे अगदी शुद्ध वाक्य आहे. ते ‘मला’ तू तसंच उचलून इंग्रजीत ठेवलंस. इंग्रजीत ‘से’ला माणूस जोडायचाच असेल तर मध्ये ‘टू’ लागतो. साधा मार्ग हा, की माणूस आला की ‘टेल’ वापर.

‘स्पीक’ आणि ‘टॉक’ हे दोन्ही बोलणेच. पण ‘स्पीक’मध्ये एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात, ‘टॉक’मध्ये दोघं-चौघं आपसात बोलतात. भाषणाला ‘स्पीच’ म्हणतात ते याच ‘स्पीक’वरून. भाषा येते हे सांगतानाही ‘स्पीक’च: शी स्पीक्स मराठी. इथं एक खड्डा आहे आणि त्यात आपली निम्मी मुलं पडतात. आपण ‘खोटं बोलू नकोस’ म्हणतो, म्हणून मुलं ‘डोन्ट स्पीक लाय’ लिहितात. इंग्रज खोटं ‘बोलत’ नाही, ‘सांगतो’. टेल अ लाय, टेल द ट्रूथ, टेल अ स्टोरी. गोष्ट आपणही सांगतोच, खोटं मात्र बोलतो. एवढी एक जागा लक्षात ठेवली की हा चौघांचा गट संपला.

आता बघण्याचा गट घेऊ, कारण इथं मराठी तुला जेवढी मदत करते तेवढी कुठलंच पुस्तक करणार नाही. सी, लुक आणि वॉच या तिन्हींपुढं यादीत ‘बघणे’ लिहिलेलं असतं. पण ‘सी’ म्हणजे बहुतेक वेळा बघणे नव्हेच, ते दिसणे आहे. ‘मला फळा दिसत नाही’ म्हणजे आय कान्ट सी द बोर्ड. आणि ‘फळ्याकडं बघ’ म्हणजे लुक ॲट द बोर्ड. ऐकण्याचंही तसंच. ‘हिअर’ म्हणजे ऐकू येणे, ‘लिसन’ म्हणजे कान देऊन ऐकणे. मराठी वाक्याची रचना नीट बघ. जिथं ‘मला’ येतं, मला दिसतं, मला ऐकू येतं, तिथं सी आणि हिअर. जिथं ‘मी’ येतो, मी बघते, मी ऐकते, तिथं लुक आणि लिसन. एकात गोष्ट आपल्यापर्यंत आपोआप येते, दुसऱ्यात आपण तिच्याकडं जातो.

यातूनच एक व्याकरणाचा नियमही सुटतो, जो मुलं कारण न कळता घोकत असतात. ‘आय ॲम सीइंग द बोर्ड’ असं का म्हणत नाहीत? कारण दिसणं ही आपण चालवलेली क्रिया नाही, ती घडते. ‘आय ॲम लुकिंग ॲट द बोर्ड’ मात्र चालतं, कारण बघणं आपण करतो.

राहिला ‘वॉच’. वॉच म्हणजे नजर ठेवून बसणे. समोरची गोष्ट हलते, बदलते, पुढं काय होईल ते कळत नाही आणि आपण डोळा काढत नाही. म्हणून वॉच अ मॅच, वॉच द चिल्ड्रन. हा शब्द वर्गात समजावताना मी ‘जागल’ हा शब्द फळ्यावर लिहिते. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांच्या भीतीनं रात्री शेतात जागलीला जातात, हे आमच्या मुलांना ठाऊक असतं. जागल हा शब्द जागण्यातून आला. आणि इंग्रजी ‘वॉच’चं मूळही ‘वेक’ म्हणजे जागं असणं या शब्दाच्याच घरातलं आहे. वॉचमन म्हणजे आपला जागल्या. दोन भाषांचे शेतकरी एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण रात्रीच्या राखणीला दोघांनीही जागेपणावरूनच नाव दिलं. एकदा हे कळलं की ‘वॉच द बोर्ड’ असं कुणी लिहीत नाही. फळ्याची राखण कशाला करायची?

दुसरं वाक्य पटकन उरकते. बॉरो म्हणजे घेणे, लेंड म्हणजे देणे. मराठीत ‘उसने’ हा एकच शब्द दोन्हीकडं चालतो आणि दिशा क्रियापद दाखवतं: उसने घेतले, उसने दिले. इंग्रजीत शब्दातच दिशा आहे. तुझ्या वडिलांनी बँकेकडून घेतले, म्हणून बॉरोड. बँकेनं दिले, म्हणून बँक लेंट. शिकणे आणि शिकवणे यांत तू कधी गोंधळत नाहीस ना? तसंच हे.

आता तिसरं वाक्य. इथं मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण हा आपल्या मराठवाड्याचा शब्द आहे आणि त्याचं इंग्रजी आपल्याला नेमकं यायला हवं.

आपण सगळ्याला दुष्काळ म्हणतो. पाऊस पडला नाही, दुष्काळ. पीक गेलं, दुष्काळ. खायला नाही, दुष्काळ. इंग्रजीत याचे दोन वेगळे शब्द आहेत. ‘ड्रॉट’ आभाळाशी आणि जमिनीशी जोडलेला आहे: पावसानं ओढ दिली, विहिरी आटल्या, पेरलेलं करपलं. ‘फॅमिन’ माणसाच्या पोटाशी जोडलेला आहे: मोठ्या प्रदेशात लोकांना अन्न मिळत नाही आणि उपासमारीनं, तिच्यामागून येणाऱ्या रोगांनी माणसं मरतात. एकातून दुसरं येऊ शकतं, पण यायलाच पाहिजे असं नाही.

१९७२ हेच त्याचं उदाहरण आहे. पाऊस गेला, पिकं गेली, जनावरं दावणीला मेली किंवा कवडीमोलानं विकली गेली. माझी आजी त्या वर्षी खडी फोडायच्या कामावर होती. लाल मिलोची भाकरी आणि लेकरांना मिळणारी सुकडी यांच्या गोष्टी मी तिच्याच तोंडून ऐकल्या. मिलो म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी तव्यावरून उतरली की थोड्याच वेळात कडक व्हायची, असं आजी सांगायची. पण त्याच काळात सरकारनं रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी कामं गावोगाव काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. हातात रोज मजुरी आली म्हणून धान्य विकत घेता आलं आणि उपासमारीनं माणसं मोठ्या संख्येनं मरण्याची वेळ टळली. या अनुभवातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, वि. स. पागे यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे, आणि पुढं १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. म्हणून जगभरचे अर्थशास्त्राचे अभ्यासक १९७२ च्या महाराष्ट्राबद्दल लिहिताना ‘ड्रॉट’ हा शब्द वापरतात आणि इथं ‘फॅमिन’ कशी टळली याची चर्चा करतात. तू ‘फॅमिन’ लिहिलंस तेव्हा तुझ्या आजी-पणजीनं उन्हात खडी फोडून जे टाळलं, ते घडलं असं लिहिलंस.

याच्या उलट बाजूला १९४३ चा बंगाल आहे. तिथं लाखो माणसं गेली. अमर्त्य सेन यांनी पुढं दाखवून दिलं, की तिथं धान्याचं उत्पादन काही इतकं कोसळलेलं नव्हतं. भाव मजुरांच्या आणि गरिबांच्या हाताबाहेर गेले होते. म्हणजे ड्रॉट नसतानाही फॅमिन. दोन उदाहरणं शेजारी ठेवलीस की हे दोन शब्द पुन्हा कधी एकमेकांत मिसळणार नाहीत.

आणि ‘ओला दुष्काळ’? अतिवृष्टी झाली, सोयाबीन शेतातच कुजलं, कापसाची बोंडं सडली, की ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ अशी मागणी होते. हे इंग्रजीत ‘वेट ड्रॉट’ म्हणून टाकू नकोस. ‘ड्रॉट’मध्ये कोरडेपणा आहे, ‘ड्राय’ हा त्याचाच नातलग शब्द. इंग्रजी वाचणाऱ्याला ‘ओला कोरडेपणा’ म्हणजे काय ते समजणार नाही. तिथं सरळ सांगायचं: एक्सेसिव्ह रेन डिस्ट्रॉइड द क्रॉप्स. आपल्या शब्दात ‘काळ’ आहे, वाईट दिवस आहेत, म्हणून तो ओलाही असतो आणि कोरडाही. त्यांच्या शब्दात फक्त पाणी नसणं आहे.

पाण्यावरून आणखी एक जोडी. शॉर्टेज आणि स्कॅर्सिटी, दोन्ही टंचाई. शॉर्टेज म्हणजे आत्ता, या वेळेला, गरजेपेक्षा कमी आहे आणि पुरवठा झाला की संपेल. दुकानात खताची शॉर्टेज असते. स्कॅर्सिटी म्हणजे ती गोष्ट मुळातच दुर्मिळ आहे, पुरवून पुरवून वापरावी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या फेरीला ५ लाख लिटर. त्या महिन्यातल्या लातूर शहराची अडचण लिहायची तर शॉर्टेज बरोबर आहे. मांजरा खोऱ्याची वर्षानुवर्षांची कहाणी लिहायची तर स्कॅर्सिटी.

‘धरण भरलं’ हेही असंच. इंग्रजीत ‘डॅम’ म्हणजे भिंत. भरतो तो ‘रिझरव्हॉयर’, म्हणजे जलाशय. पैठणला जायकवाडी हा डॅम आणि नाथसागर हा रिझरव्हॉयर. आपण एकाच नावानं दोन्ही म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही, पण निबंधात लिहिताना एवढा फरक केलास तर तपासणाऱ्याच्या नजरेत भरेल.

सप्टेंबर आला की निबंधाचा आणखी एक विषय येतो: मराठवाडा मुक्तिसंग्राम. इथंही तीन शब्द समोर येतात, फ्रीडम, इंडिपेंडन्स आणि लिबरेशन. मुलं तिन्हींना स्वातंत्र्य लिहितात. ‘फ्रीडम’ सगळ्यांत मोकळा शब्द आहे, बोलण्याचं, फिरण्याचं, हवं ते शिकण्याचं स्वातंत्र्य. ‘इंडिपेंडन्स’च्या पोटात ‘डिपेंड’ आहे, म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून नसणं, दुसऱ्याच्या सत्तेखाली नसणं. देश १५ ऑगस्ट १९४७ ला इंडिपेंडंट झाला. ‘लिबरेशन’मध्ये कुणीतरी कुणाच्या तरी ताब्यात असतं आणि त्याला सोडवलं जातं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालला, १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजामाच्या फौजेनं शरणागती दिली. मराठवाडा वेगळा देश झाला नाही, तो ताब्यातून सुटला. म्हणून ‘मराठवाडा वॉज लिबरेटेड’. आपल्या पूर्वजांनीही इथं ‘स्वातंत्र्यदिन’ न म्हणता ‘मुक्ती’ हाच शब्द निवडला. मराठीतच फरक केलेला आहे, फक्त तो ओळखायचा.

चुकीच्या शब्दानं गुण जातात एवढंच मुलांना वाटतं. मला त्याची किंमत वेगळ्या तऱ्हेनं कळली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या माहेरच्या गावातल्या एका शेतकऱ्याचा हात कडबाकुट्टीत सापडला. दोन बोटं गेली. विम्याचा अर्ज इंग्रजीत करायचा होता आणि गावात इंग्रजी येणारी मी एकटीच. मी मन लावून अर्ज लिहिला आणि त्यात ‘ही वॉज वूंडेड इन द राइट हँड’ असं वाक्य घातलं. जखमी म्हणजे वूंडेड, हे मला पाठ होतं. विमा कंपनीकडून उलट पत्र आलं: हल्ला कुणी केला, पोलिसांत तक्रार दिली का, तिची प्रत जोडा. खुलासे, पंचनाम्याची प्रत, पुन्हा अर्ज, यात दोन-अडीच महिने गेले. तोवर त्या माणसानं दवाखान्यासाठी सावकाराकडून पैसे काढले होते.

फरक असा आहे. ‘इंज्युअर’ अपघातात, पडल्यावर, यंत्रात, खेळताना होतं. ‘वूंड’ हे क्रियापद हत्यारानं, गोळीनं, लढाईत होणाऱ्या इजेसाठी येतं. माणसाबद्दल ‘वूंडेड’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं मारणारा दुसरा माणूस उभा राहतो. पण नाम म्हणून ‘वूंड’ ही कुठलीही उघडी जखम असू शकते. नर्स ‘क्लीन द वूंड’ म्हणते तेव्हा तिथं हल्ल्याचा प्रश्न नसतो. म्हणजे एकच शब्द नाम असताना एक आणि क्रियापद असताना वेगळा. ‘हर्ट’ दोघांपेक्षा हलका, त्यात दुखणं आहे आणि तो मनालाही लागतो. त्या दिवसापासून मी कुठलाही शब्द एकटा शिकवलेला नाही, वाक्यातच शिकवते.

आता तुझ्या मनात येईल, एकाच गोष्टीला इंग्रजांनी इतके शब्द का केले? याचं उत्तर इतिहासात आहे आणि मराठवाड्यातल्या माणसाला ते चटकन पटावं असं आहे. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून विल्यम आला आणि त्यानं इंग्लंड जिंकलं. पुढं सुमारे तीनशे वर्षं दरबारात आणि कोर्टात फ्रेंच चालली, शेतात आणि चुलीपुढं इंग्रजी. लॅटिन होतीच, चर्चमध्ये आणि विद्वानांत. त्यामुळं एका गोष्टीला घरचा एक, दरबारचा एक आणि पोथीतला एक असे शब्द साचले. हाऊस, ब्रेड, वॉटर, मदर हे घरचे. कोर्ट, जज, जस्टिस, प्रिझन हे दरबारातून आलेले.

आता आपल्याकडं बघ. घर, भाकर, पाणी, आई हे घरचे. अर्ज, वकील, फिर्याद, जामीन, दस्त हे फारसी-अरबीतून कचेरीमार्गे आलेले, आणि निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात ते आणखी खोल रुजले. त्यांच्यावर संस्कृतातले गंभीर शब्द. आपणही रोज या तीन मजल्यांवर वर-खाली करतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. बाजारात आपण मेथीची जुडी ‘विकत घेतो’, पण जमीन ‘खरेदी करतो’ आणि तिचं खरेदीखत होतं. अगदी हाच फरक ‘बाय’ आणि ‘पर्चेस’मध्ये आहे. बाय घरचा, पर्चेस फ्रेंचमधून आलेला आणि कागदावर शोभणारा. मेथी ‘पर्चेस’ केली असं म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण कानाला खटकतं. हेल्प आणि असिस्ट म्हणजे मदत आणि साहाय्य. आस्क म्हणजे विचारणे, इन्क्वायर म्हणजे चौकशी करणे. यादीतले पुष्कळसे ‘समान’ शब्द अर्थानं समानच असतात, फरक मजल्याचा असतो. निबंधात, अर्जात, मुलाखतीत कुठल्या मजल्यावर उभं आहोत ते बघून शब्द उचलायचा.

मात्र सगळेच दरबारी शब्द सभ्य असतात असं समजू नकोस. ‘डिमांड’ फ्रेंचमध्ये नुसतं विचारणं होतं, इंग्रजीत येता येता ते हक्कानं, जोर लावून मागणं झालं. ‘आय डिमांड लीव्ह’ असं साहेबांना लिहिलं तर रजेऐवजी नोटीस येईल. तिथं ‘रिक्वेस्ट’.

एक गट तुझ्या यादीत नसेल, पण मुलाखतीत तोच दगा देतो. जे इंग्रजी शब्द आपण मराठी बोलताना रोज वापरतो, ते आता मराठी झालेत आणि त्यांचा अर्थही बदललाय. क्लासमध्ये मुलं हात वर करून म्हणतात, ‘मॅडम, एक डाउट आहे.’ मराठीत ते बरोबर आहे. पण इंग्रजीत ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, आपल्या बोलण्यावर हिचा विश्वास नाही. तिथं ‘आय हॅव अ क्वेश्चन’. चौकातलं चहा-भज्यांचं हॉटेल इंग्रजीत ‘हॉटेल’ नाही, हॉटेलात राहायच्या खोल्या लागतात. ‘पास आउट’ आपल्याकडं कॉलेज पूर्ण करणं, इंग्लंड-अमेरिकेत ते चक्कर येऊन पडणं. ‘मी २०२२ ला पास आउट झाले’ हे आपल्यात चालू दे, बायोडाटात ‘ग्रॅज्युएटेड’ लिही. आणि ‘मटण’ही बघ. आपल्याकडं ते बोकडाचं, इंग्लंडमध्ये ‘मटन’ म्हणजे मेंढीचं.

आता वहीचं काय करायचं ते सांगते. जुनी यादी फाडू नकोस, पण अर्थाचा रकाना बंद कर. त्या जागी त्या शब्दाची सोबत लिही, म्हणजे तो कुणाबरोबर बसतो ते. आपणही ‘कडक चहा’ म्हणतो, ‘मजबूत चहा’ म्हणत नाही. कुणी शिकवलं? कुणीच नाही, कान तयार झालाय. कडक चहा इंग्रजीत ‘स्ट्राँग टी’, कडक मास्तर ‘स्ट्रिक्ट टीचर’, कडक ऊन ‘स्कॉर्चिंग सन’. आपला एक शब्द, त्यांचे तीन. उलट, जोराचा पाऊस ‘हेवी रेन’, जोराचा वारा ‘स्ट्राँग विंड’. ‘हेवी’पुढं ‘जड’ लिहून ठेवलंस तर पावसाला तो कधी सुचणार नाही. ‘हेवी रेन, हेवी ट्रॅफिक, हेवी लॉस’ असं लिहिलंस तर पुढचा शब्द आपोआप सुचेल. शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश घे, अर्थापेक्षा त्यातली उदाहरणाची वाक्यं वाच. दिवसाला दोन जोड्या पुरेत. आणि प्रत्येक जोडीला एक वाक्य आपल्या गावातलं कर, बस, विहीर, बाजार, शेजारीण, काहीही. लंडनचं वाक्य चार दिवसांत विसरतं, जिंतूरचं विसरत नाही.

जिथं मराठीत फरक नाहीच, तिथं चित्र ठेव. शेड आणि शॅडो, आपल्याला दोन्ही सावलीच. लिंबाखाली बसतो ती शेड, जमिनीवर आपल्यामागं चालते ती शॅडो, तिला आकार असतो. भाडं एसटीचं असेल तर फेअर, खोलीचं असेल तर रेंट, लग्नासाठी गाडी ठरवली तर हायर. हे असंच बघून लक्षात ठेवावं लागतं, त्याला कारण शोधू नकोस.

राहिलं तुझं चौथं वाक्य. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांत पाणी किती लिटर आहे याचा फरक नाही. बोलणारा काय सांगू पाहतोय त्याचा आहे. आपल्याकडं ‘रांजणात उलीसं पाणी हाय’ म्हणतात, तेव्हा सांगायचं असतं, आहे बाई, आजचं भागेल. ते ‘अ लिटल’. आणि त्याच रांजणाकडं बघून दुसरी म्हणते, ‘पाणी कुठं उरलंय?’ ते नुसतं ‘लिटल’. मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘अ फ्यू’ आणि ‘फ्यू’ याच हिशोबानं. आता तुझं वाक्य पुन्हा वाच. विहिरीत पाणी, मग ‘सो’, मग टँकरची वाट. पाणी भागण्यासारखं असतं तर टँकरची वाट कशाला पाहिली असती? त्या ‘सो’मुळं इथं ‘लिटल’च येतं. उत्तरसूचीत ‘अ लिटल’ छापलंय ते चूक आहे. तुझं उत्तर बरोबर आहे, तो गुण मागून घे.